समजूत घालण्याची घाई : मृत्यू, शोक आणि आपले साहित्य

नदीकाठ (धागाकर्ता)

पुण्यात कोणाच्या घरी मृत्यू झाला की अंत्यविधीनंतर लोक भेटायला येऊ लागतात, आणि बहुतेकांच्या तोंडी तीच चार-पाच वाक्ये असतात. 'सुटले बिचारे.' 'वय झालेच होते.' 'आता तुलाच खंबीर राहायला हवे.' 'मुलांकडे बघून सावर.' यांतले एकही वाक्य वाईट हेतूने उच्चारलेले नसते. ज्या शेजारणी पहिल्या दिवशी न सांगता पिठले-भात घेऊन येतात, त्याच ही वाक्येही बोलतात. म्हणून त्यांच्यावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आप्तांचे आणि मित्रांचे मृत्यू जवळून पाहिल्यावर माझी अशी धारणा झाली आहे, की समोरच्याचा शोक ऐकून घेण्यापूर्वीच आपण त्याची समजूत घालू लागतो, आणि मृत्यूविषयीचे आपले सर्वांत खोल साहित्य मात्र ही घाई करत नाही.

सुरुवात महाभारतातील स्त्रीपर्वापासून करतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपल्याच शहरात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सिद्ध झाली आणि 1966 साली पूर्ण झाली, तरी हे सत्तावीस अध्यायांचे छोटे पर्व फारसे कोणी वाचत नाही. युद्ध संपलेले आहे. शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर सांगतो की सारे साठे अखेर संपतात, उंच चढलेले अखेर खाली येते, संयोगाचा शेवट वियोगात आणि जीविताचा मरणात होतो. पाठोपाठ व्यासही त्याला समजावतात. उपदेश उत्तम आहे, तो करणारे अधिकारी पुरुष आहेत, आणि ऐकणारा राजा अडाणी नाही. त्यानंतर काय घडते? भीमाला आलिंगन देण्याच्या निमित्ताने धृतराष्ट्र त्याला चिरडायला निघतो, कृष्ण लोखंडाची मूर्ती पुढे करतो, आणि म्हातारा राजा ती मूर्ती छातीशी धरून तिचा चुराडा करतो. इतक्या तत्त्वज्ञानाखाली तो क्रोध जसाच्या तसा राहिला होता. व्यासांनी हे दोन प्रसंग एकामागोमाग ठेवले आहेत, याकडे मी पुन्हा पुन्हा जातो.

मग गांधारी येते. व्यासांच्या वराने तिला रणभूमी दिसते आणि ती कृष्णाला एकेक देह दाखवत जाते. हा दुर्योधन, हा दुःशासन, हा विकर्ण. शत्रुपक्षातला अभिमन्यूही तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्याच्याजवळ बसलेली उत्तरा तर नाहीच. ती कोणताही सिद्धांत मांडत नाही. नावे घेते, कोण कोणाच्या देहाशी बसून काय करते आहे ते सांगते, आणि 'पाहा' असे कृष्णाला वारंवार म्हणते. साक्षात कृष्णालाही तेथे आधी उभे राहून पाहावे लागते आणि शेवटी तिचा शापही घ्यावा लागतो. पर्वाच्या अखेरीस गंगेवर मृतांना जलांजली देताना कुंती पांडवांना सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या. पहिल्या पुत्राचा मृत्यू झाल्यावरही तिला तोवर उघड रडता आलेले नव्हते. तर्पणाच्या त्या विधीने तिला बोलण्याची जागा दिली, हे मला या पर्वातले सर्वांत करुण सत्य वाटते.

आपल्या संतांच्या बाबतीतही आपण अर्धेच वाचतो. ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावर नामदेवांच्या नावाने जे अभंग आहेत, त्यांत निवृत्तिनाथ रडतात. ते थोरले बंधू, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्ञानदेवांचे गुरू. आत्म्याचे अमरत्व त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही कितीही समाधान केले तरी मन राहत नाही, असे ते म्हणतात. तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी जावे, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावे, तसे त्यांना झाले आहे. आणि नामदेव? 'नामा म्हणे आता लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ ॥' या ओळीत समजुतीचा एकही शब्द नाही. सूर्य मावळला, एवढेच.

तुकोबांचे 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' आपण कीर्तनांत ऐकतो आणि त्यावरून विरक्त तुकोबांची मूर्ती मनात तयार करतो. परंतु 1630च्या आसपासच्या त्या भीषण दुष्काळाविषयी, स्वतःची हकीकत सांगताना त्यांनीच लिहिले आहे : 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' या ओळीला एकही अलंकार नाही. मागाहून ईश्वराच्या इच्छेत अर्थ सापडला असेल, सापडलाच. पण त्यांनी ही ओळ गाथेतून पुसली नाही. दोन्ही उद्गार त्यांचेच आहेत आणि एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

आधुनिक काळातले एकच उदाहरण देतो. इंदिरा संत पुण्यात शिकल्या. पती ना. मा. संत यांच्यासह त्यांनी 'सहवास' हा संयुक्त कवितासंग्रह काढला, आणि 1946 मध्ये पती गेले. त्यानंतर 'शेला' 1951 मध्ये आला, 'मेंदी' 1955 मध्ये, 'मृगजळ' 1957 मध्ये, 'रंगबावरी' 1964 मध्ये. इतक्या वर्षांच्या कवितेत ती अनुपस्थिती कोठे ना कोठे आहेच, आणि त्या काळात त्यांनी मुले वाढवली, नोकरी केली, संसार एकटीने चालवला. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत वडील गेले तेव्हा लहान होते. त्यांनी पुढे उतारवयात लंपन या मुलाच्या कथा लिहिल्या, आणि त्यांतही वडिलांचा मृत्यू आहे. एकाच घरातला एकच मृत्यू, आणि त्याला शब्द मिळण्याचे काम जवळजवळ अर्धे शतक चालले. 'अजून किती दिवस रडणार' असा प्रश्न ज्यांना विचारावासा वाटतो, त्यांनी या तारखांकडे पाहावे.

आता आपल्या शहराकडे येतो. दहावा, बारावा, तेरावा हा क्रम अनेक घरांत तीन-चार दिवसांवर आला आहे. परदेशातून आलेल्या मुलांना परत जायचे असते, नोकरीत रजा नसते, आणि ज्यांचा कर्मकांडावर विश्वास नाही त्यांनी ते करावे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवसांत मृत माणसाशिवाय दुसरा विषय घरात नसे, ती सवड आपण रद्द केली आणि तिच्या जागी काही ठेवले नाही. आपल्या घरी काय झाले, कोणाच्या कोणत्या वागण्याने आधार वाटला आणि कोणत्या वाचनाने साथ दिली, हे सदस्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

अश्वत्थ

नदीकाठ यांस सप्रेम नमस्कार. लेख मनापासून आवडला, तरीही मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही.

माझी पत्नी दीर्घ आजारानंतर गेली. त्या काळात मला ज्याने धरून ठेवले ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचे रोजचे वाचन होते. कोणी मला तो उपदेश केला नव्हता. मी स्वतः तो ग्रंथ उघडत होतो. पहाटे उठून ते श्लोक म्हणताना दुःख कमी होत नसे, पण या दुःखाचा विचार माझ्या आधीही कोणीतरी केला आहे, एवढे कळत असे, आणि तेवढ्यावर दिवस निघत असे. म्हणून तत्त्वज्ञान शोकापुढे हरते, असे सरसकट विधान करू नये.

महाभारताविषयीही एक गोष्ट आपण वगळलीत. स्त्रीपर्वानंतर लगेच शांतिपर्व येते, आणि ते संपूर्ण महाभारतातले सर्वांत मोठे पर्व आहे. युधिष्ठिर राज्य नको म्हणतो, वनात जातो म्हणतो, कर्णासाठी त्याचा जीव जळत असतो. त्याचे भाऊ, द्रौपदी, कृष्ण, व्यास आणि शेवटी शरपंजरी पडलेले भीष्म त्याच्याशी बोलतात. म्हणजे व्यासांनी उपदेशाला नाकारलेले नाही. त्याला गांधारीच्या विलापानंतरची जागा दिली आहे, आणि मुबलक दिली आहे. आधी रडणे आणि मग विचार, असा तो क्रम आहे. आपल्या लेखात पहिला भाग सुंदर आला आहे, दुसऱ्यावर अन्याय झाला आहे.

प्राजक्त

मी या संकेतस्थळावर सहसा केवळ वाचते. आज लिहिते आहे, कारण कुंतीविषयीचा परिच्छेद वाचून मला थांबावे लागले.

महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी आपल्या पुण्यातच आढळले. माझे वडील दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये गेले. रुग्णालयात त्यांना भेटता येत नव्हते. रोज सायंकाळी दूरध्वनीवर प्रकृती कळवली जाई. गेल्याचेही तसेच कळले. देह घरी आणता आला नाही, तोंडात गंगाजल घालता आले नाही, आईला शेवटचे दर्शन झाले नाही. भाऊ परदेशात होता आणि विमाने बंद होती. शेजारी इच्छा असूनही येऊ शकले नाहीत. कोणी दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून लांबूनच हात जोडीत. ज्या महापालिका कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत अपरिचितांच्या चिता पेटवल्या, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, आणि त्यांचे ऋण मी कधी फेडू शकणार नाही.

पुढे सर्व सुरळीत झाले तेव्हा आमच्या दुःखाची वेळ निघून गेली होती, असे लोकांच्या वागण्यावरून वाटे. 'त्या काळात सगळ्यांच्याच घरी झाले' हे वाक्य मी अगणित वेळा ऐकले. ते खरे आहे, पण सगळ्यांच्या घरी झाल्याने माझ्या घरचे मरण लहान होत नाही. आई आजही बाबांविषयी बोलताना चालू काळ वापरते. 'त्यांना तिखट चालत नाही' असे म्हणते. आधी मी तिला दुरुस्त करीत असे, आता करीत नाही. मला विचारायचे आहे ते असे : जे विधी तेव्हा राहून गेले, ते इतक्या उशिरा करण्यात काही अर्थ आहे का?

जुनी पेठ

प्राजक्त, तुमच्या प्रश्नाचे शास्त्राच्या बाजूने उत्तर सोपे आहे. राहून गेलेली श्राद्धे नंतर करता येतात आणि पितृपक्षातली सर्वपित्री अमावास्या तर ज्यांची तिथी चुकली वा माहीत नाही अशांसाठीच आहे. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांच्यासाठी पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधीही आपल्या परंपरेने सांगितलेला आहे. म्हणजे अशी वेळ माणसांवर येते, याची जाणीव पूर्वजांना होती. तुमच्या घराचे उपाध्याय असतील तर त्यांना मोकळेपणाने विचारा.

दुसरी गोष्ट, मी लहानपणापासून ओंकारेश्वराच्या परिसरात राहिलो आहे. त्या घाटावरचे दहाव्याचे विधी आम्ही रोज पाहत असू. पिंड ठेवल्यावर कावळा लवकर शिवला नाही की घरचे लोक हात जोडून बोलू लागतात : 'धाकटीचे लग्न मी लावून देईन', 'आईला अंतर देणार नाही', 'शेताचा वाद मिटवू'. कावळ्यावर विश्वास असो वा नसो, मृत माणसाशी मोठ्याने, चारचौघांदेखत बोलण्याची ती बहुधा एकमेव वेळ असते. त्या बोलण्यात भावाभावांचे जुने तंटे मिटलेले मी पाहिले आहेत. तीन दिवसांत सर्व उरकणाऱ्यांनी या भागाचा तरी विचार करावा.

वेताळटेकडी

घाटावरच्या आठवणीबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडते.

माझ्या आईने मृत्यूपूर्वी नेत्रदान आणि देहदानाचा निर्णय लेखी नोंदवला होता. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, त्यामुळे त्या दिवशी रडायलाही सवड नव्हती. डॉक्टरांना कळवणे, कागदपत्रे, मग वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी. नातेवाइकांपैकी काहींनी बोल लावले की तुम्ही आईला अग्नीही दिला नाहीत. आम्ही विधी केले नाहीत, पण ती पोकळी आम्हालाही जाणवली, हे प्रामाणिकपणे सांगते. म्हणून दहाव्या दिवशी घरी जवळच्यांना बोलावले आणि प्रत्येकाने आईविषयीची एक आठवण सांगायची असे ठरवले. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली, भाजीवाल्या मावशी, तिच्याशी जन्मभर भांडलेली तिची जाऊ, सगळ्या बोलल्या. माझ्या आईची निम्मी ओळख मला त्या दुपारी झाली. नदीकाठ यांनी ज्या रिकाम्या जागेबद्दल लिहिले आहे ती भरता येते, आणि त्यासाठी पिंडदान आवश्यक नाही.

शोकाचा विचार करताना आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : शोकाचा भार कोणावर टाकला गेला? पती गेला की त्याच क्षणी स्त्रीचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, आणि एके काळी केशवपन करून तिला अंधाऱ्या खोलीत बसवायचे, हा शोकाचा आविष्कार नव्हता. ती शिक्षा होती. याच पुण्यात 1890च्या नोव्हेंबरमध्ये जोतीराव फुले यांचे निधन झाले तेव्हा दत्तक पुत्र यशवंत यांच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद उभा केला, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे, म्हणजे अग्नीचे मडके, हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या, त्यांनीच अग्नी दिला. पतीच्या मृत्यूच्या दिवशी हे करायला लागणारे बळ कोठून आले असेल, याचा विचार मी अनेकदा करते. पुढे सहा वर्षांनी, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याही गेल्या. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला आणि 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला, तोही याच शहरात. आणि इतके सर्व होऊनही कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथेविरुद्ध ठराव करण्याची गरज 2022 साली पडली, त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. जुने विधी परत आणण्याची भाषा करताना त्यांतले काय परत आणायचे नाही, हे आधी स्पष्ट असावे.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे आणि बराच काळ दुर्धर आजाराच्या रुग्णांसोबत काम केले आहे. येथे मागे राहिलेल्यांविषयी बरेच लिहिले गेले. जाणाऱ्याविषयी थोडे लिहिते.

अनेक रुग्णांना आपण जाणार हे घरच्यांच्या आधी कळलेले असते. घरचे त्याला सांगत नाहीत, कारण तो खचेल. तो घरच्यांना सांगत नाही, कारण ते रडतील. दोघेही एकमेकांना सांभाळत असतात, आणि त्या सांभाळण्यात शेवटचे बोलणे राहून जाते. रात्रीच्या पाळीत, नातेवाईक झोपल्यावर, रुग्ण आमच्याशी बोलतात. बँकेतल्या ठेवीची पावती कोठे आहे, मोठ्या मुलाशी अबोला आहे तो संपायला हवा होता, गावच्या घराचे छप्पर गळते आहे, असे बोलतात. मोक्षाविषयी बोलणारे मला थोडेच भेटले. वेदना आटोक्यात असतील तरच हे बोलणे होऊ शकते, आणि म्हणूनच उपशामक उपचार, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार, लवकर सुरू व्हायला हवेत. 'आता काही करण्यासारखे नाही' असे सांगितल्यावरही करण्यासारखे पुष्कळ असते. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र कर्करुग्णांसाठी विनामूल्य काम करते आहे, तरीही कित्येक कुटुंबांना तेथपर्यंत पोहोचायला फार उशीर होतो, कारण तेथे जाणे म्हणजे हार मानणे असे त्यांना वाटते.

दोन गैरसमजांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. शोकाच्या पाच पायऱ्या, म्हणजे नकार, राग, घासाघीस, विषण्णता आणि स्वीकार, आता सर्वत्र सांगितल्या जातात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून. मागे राहिलेल्या माणसाने त्याच क्रमाने चालावे, असा त्याचा अर्थ घेऊ नये. तुम्ही कितव्या पायरीवर आहात असे कोणाला विचारू नका. दुसरे म्हणजे, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 2022 पासून प्रदीर्घ शोक हा विकार म्हणून नोंदला गेला आहे आणि प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट आहे. एक वर्षानंतर रडणारा प्रत्येकजण आजारी आहे, असे ते म्हणत नाही. खाणेपिणे, काम, माणसांत वावरणे हे सारेच दीर्घकाळ जवळजवळ रोज थांबलेले असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ती वैद्यकीय मदतीची वेळ आहे, आणि अशा वेळी वाचन किंवा विधी यांवर विसंबून राहू नये.

शेवटची गोष्ट व्यावहारिक आहे. कृत्रिम उपायांनी आपला जीव लांबवायचा की नाही याची लेखी सूचना (लिव्हिंग विल) आधीच करून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते. हे लिहून ठेवलेले असले म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मुलांना, आपण बाबांना मारले का, हा प्रश्न जन्मभर छळत नाही. तो प्रश्न घेऊन जगणारी मुले मी पाहिली आहेत.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अश्वत्थकाका, शांतिपर्वाविषयीचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझ्या मनात उपदेशाविषयी जो राग होता, तो वेळेविषयीचा होता हे आपल्या प्रतिसादानंतर मला नीट दिसले. तरी एक भेद राहतो. आपण स्वतः ग्रंथ उघडलात. आपल्याला कोणी तो हातात कोंबला नाही. मला आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या दुःखावर आपल्या तत्त्वज्ञानाचे झाकण ठेवण्याला. राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेत मेलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई भोवतालच्यांना गप्प करते, कारण ते तिला खरे तेच सांगत आहेत आणि ते ऐकण्याची तिची वेळ अजून आलेली नाही. कवीने त्या लोकांची बाजू बरोबर असूनही कविता आईच्या तोंडी दिली.

वेताळटेकडी, सावित्रीबाईंचा प्रसंग आपण आणलात त्याबद्दल विशेष आभार. शोकाच्या रूपांविषयी लिहिताना त्या रूपांखाली दडपले गेलेल्यांचा विचार माझ्या लेखात अपुरा होता. आपल्या घरी ज्या प्रकारे आठवणी सांगितल्या गेल्या, ते मला गांधारीच्या कृतीच्या फार जवळचे वाटते. जाऊबाईंनाही बोलावलेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले; गेलेल्या माणसाला लगेच देव करून टाकले की त्याच्याशी भांडलेल्यांना रडण्याचा हक्क राहत नाही.

प्राजक्त, तुमच्या प्रश्नावर शास्त्राचे उत्तर जुनी पेठ यांनी दिले आहे. माझ्यापुरते एवढेच सांगतो की कुंतीने कर्णाचे नाव घेतले तेव्हाही उशीरच झाला होता, आणि तिने ते घेतले म्हणूनच त्याला पाणी मिळाले. आई चालू काळात बोलतात ते तुम्ही दुरुस्त करीत नाही, हे योग्यच आहे असे मला वाटते.

प्राजक्त

सर्वांचे प्रतिसाद मी आईला वाचून दाखवले. जुनी पेठ यांनी लिहिलेले घाटावरचे वर्णन तिने पुन्हा वाचायला सांगितले. भाऊ यंदा येणार आहे, आणि सर्वपित्रीला विधी करावा की वेताळटेकडी यांच्याप्रमाणे सर्वांना बोलावून आठवणी सांगाव्या, यावर आमच्या घरी चर्चा सुरू झाली आहे. आईचे म्हणणे आहे की दोन्ही करावे, आणि बाबांच्या कारखान्यातले जे सहकारी तेव्हा येऊ शकले नाहीत त्यांना आवर्जून बोलवावे; त्यांची यादी ती स्वतः करते आहे. शुश्रूषाताई, लिव्हिंग विलच्या कागदपत्रांविषयी मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे. आईलाच ते करायचे आहे.

स्त्रीपर्व मी कधी वाचलेले नाही. संस्कृत येत नसले तरी ते वाचता येईल का?

अश्वत्थ

अवश्य येईल. महाभारताची मराठी भाषांतरे पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत मिळतात. ग्रंथपालांकडे स्त्रीपर्वाचा खंड मागावा. ते एका बैठकीत वाचून होण्याइतके लहान आहे, पण एका बैठकीत वाचू नये, विशेषतः रणभूमीचे अध्याय. आईंना वाचून दाखवणार असाल तर उत्तरेचा भाग आधी स्वतः वाचून घ्या. आणि ते संपल्यावर, लगेच नाही, काही महिन्यांनी का होईना, शांतिपर्वाचे सुरुवातीचे अध्याय काढा, ज्यांत युधिष्ठिर कोणाचेच ऐकत नाही. नदीकाठ यांच्याशी माझा वाद तेथे पुढे चालू ठेवू.